मोबाईल म्हणतंय ५२, चिटबॉय म्हणतंय ४०, काटा म्हणतंय ४४

गेल्या हंगामातली गोष्ट. मामांचं कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात तीस गुंठे रान आहे, त्यात ८६०३२ या जातीच्या उसाची पूर्वहंगामी लागण होती. पोरानं मोबाईलवर एक ॲप घालून दिलेलं, ते सांगत होतं एकरी ५२ टन पडणार. साखर कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे उसाच्या नोंदी ठेवणारा माणूस, रस्त्याकडनं नजर टाकून ४० लिहून गेला. तोड झाली, ट्रॉल्या काट्यावर गेल्या, हिशोब जुळवला तर एकरी ४४. संध्याकाळी मामांचा फोन, "तू काँप्युटरातलं शिकलायस न्हवं, मग सांग, दोघांतलं खोटं कोण?" मी म्हटलं मामा, दोघंपण खोटं नाहीत. तर म्हणाले, "मग काटा खोटा म्हण की!" तिथं माझ्या लक्षात आलं की हे फोनवर आटपायचं काम नाही.

त्यात २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी बारामतीच्या, एआय वापरून पिकवलेल्या उसाचं नाव घेतलं, आणि तेव्हापासून आपल्याकडं चहाच्या गाड्यावरपण सॅटेलाइट, सेन्सर, मॉडेल हेच चालू आहे. कोण म्हणतंय आता टनेज घरात बसून कळणार, कोण म्हणतंय सगळी थाप. मला वाटतं भांडण चुकीच्या जागी लागलंय. अंदाज बरोबर की चूक हे विचारायच्या आधी तो केवढ्या जागेचा अंदाज आहे हे विचारायला पाहिजे. एका रानाचा, गावाचा, काही गावं मिळून होणाऱ्या महसूल मंडळाचा, जिल्ह्याचा, का राज्याचा? याला स्केल म्हणतात, आणि निम्मा घोळ तिथंच आहे.

मॉडेल म्हणजे पिकाचा रोजमेळ

किराणा दुकानदार रात्री रोजमेळ लिहितो, आज किती आले, किती गेले, शिल्लक किती. पिकाचं मॉडेल हेच करतं, फक्त दुकानाच्या जागी ऊस. जमा बाजूला ऊन. आज किती ऊन पडलं, त्यातलं पानांनी किती धरलं, त्यातनं किती माल तयार झाला. खर्चाच्या बाजूला झाडाचा स्वतःचा श्वास, म्हणजे जगायला लागणारी साखर. मग उरलेला माल वाटायचा, थोडा मुळीला, थोडा पानाला, थोडा कांडीला, आणि शेवटी कांडीत साखर म्हणून साठवायचा. पाणी कमी पडलं की जमेला कात्री, नत्र कमी पडलं की अजून कात्री. लागणीपासनं तोडीपर्यंत रोज एक पान लिहायचं, शेवटच्या पानावरची शिल्लक म्हणजे टनेज.

ही कल्पना नवीन नाही, १९६० च्या दशकात हॉलंडातल्या वागेनिंगनला डी विट नावाच्या शास्त्रज्ञानं पानांचा आणि उन्हाचा असा हिशोब मांडला होता. आज जगभर डीएसएसएटी, ऑस्ट्रेलियाचं ॲप्सिम, आपल्या दिल्लीच्या आयएआरआयचं (भारतीय कृषी संशोधन संस्था) इन्फोक्रॉप अशी मॉडेलं चालतात आणि डीएसएसएटीमध्ये उसासाठी कॅनेग्रो नावाचा वेगळा भागच आहे.

आता जरा आकडे मांडून बघू, कारण मजा त्यात आहे. आपल्या भागात वर्षाची सरासरी काढली तर एका चौरस मीटरवर रोज साधारण १८ ते २० मेगाज्यूल ऊन पडतं (मेगाज्यूल हे ऊर्जेचं माप, लिटरसारखं समजा). उसानं धरलेल्या एका मेगाज्यूलमागं पावणेदोन ग्रॅमच्या आसपास सुका माल तयार होतो. म्हणजे रान पानांनी गच्च झाकलेलं असेल आणि पाण्याखताला काही कमी नसेल तर एका गुंठ्यात दिवसाला तीन किलोच्या वर सुका माल, एकराला १३० किलोच्या आसपास. असे ३०० दिवस धरा, ३९ टन. त्यातला दोनतृतीयांश उसाच्या धाटात जातो असं धरलं तर २६ टन, आणि धाटात सत्तर टक्के पाणीच असतंय, म्हणून काट्यावर ते ८५ टनाच्या पुढं दिसणार. आडसालीला (पावसाळ्यात लावून दीडएक वर्षानं तोडतात तो ऊस) तर अजून चार-सहा महिने जास्त मिळतात, त्यामुळं "एकरी शंभर टन" ऐकून कोणी हसत असेल तर हसू नका, उन्हाच्या हिशोबात ते बसतंय.

मग बहुतेकांना त्याच्या निम्मंच का पडतं? कारण ३०० दिवस गच्च पानोळा कुणाच्याच रानात नसतोय. पहिले तीन-चार महिने सरीतली माती दिसत असते, ते ऊन वायाच. मग मुळ्या खाणारी हुमणी अळी, मग पाण्याची पाळी चुकली, मग पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस सूर्य नाही. मॉडेलला हे सगळं तुम्ही सांगितलं तर ते धरतंय. सांगितलं नाही तर त्याला वाटतं सगळं झकास चाललंय.

एक पिक्सेल, एक गुंठा

सॅटेलाइट काय करतं, तर पानोळा किती हिरवा आणि दाट आहे ते वरनं बघून रोजमेळातला "पानांनी किती ऊन धरलं" हा रकाना भरायला मदत करतं. हिरवेपणाच्या त्या मापाला एनडीव्हीआय म्हणतात. युरोपच्या सेंटिनल-२ सॅटेलाइटचं चित्र फुकट मिळतं, दर पाच दिवसांनी, आणि त्यातला सगळ्यात छोटा ठिपका, म्हणजे पिक्सेल, १० मीटर बाय १० मीटरचा असतो. १०० चौरस मीटर. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, १०१ चौरस मीटर. युरोपातल्या इंजिनिअरांनी कोल्हापूरला न विचारता गुंठ्याचं माप ठरवलंय!

मग तीस गुंठ्यात तीस पिक्सेल? इथंच फसतंय. रान चौकोनी असेल तर एक बाजू ५५ मीटर, त्यात धड बसणारे पिक्सेल चार नाहीतर पाच, म्हणजे एकूण सोळा ते पंचवीस. बाकीचे बांधावर पडतात, निम्मा ऊस माझा, निम्मी झाडं, ओढा, नाहीतर शेजाऱ्याचा सोयाबीन. आणि वाटण्या होऊन होऊन आपल्याकडं रानं चौकोनी राहिलीत कुठं, पट्टे झालेत. वीस मीटर रुंद आणि दीडशे मीटर लांब पट्टा असला, म्हणजे तेच तीस गुंठे, तर रुंदीत एखादा पिक्सेल धड बसणार आणि बाकी सगळे शेजाऱ्यांबरोबर भागीत. जुन्या सॅटेलाइटवरच्या मोडिस कॅमेऱ्याचा पिक्सेल तर २५० मीटरचा, म्हणजे पंधरा एकराचा एकच ठिपका, त्यात अख्खी भावकी मावली.

अजून दोन अडचणी आहेत. एक म्हणजे ऊस एकदा पुरुषभर उंच आणि दाट झाला की एनडीव्हीआय वर जाऊन थांबतो, ४० टनाचा फड आणि ६० टनाचा फड वरनं सारखाच हिरवा दिसतो. दुसरी, जून ते सप्टेंबर ढग. ढगातनं बघणारी रडारची सॅटेलाइटं आहेत, पण ती हिरवेपणा बघत नाहीत, पिकाची ठेवण आणि ओल बघतात, त्यावरनं अंदाज बांधावा लागतो.

दोन रश्श्यांची सरासरी

आता मुख्य मुद्दा, जो मला स्वतःला समजायला लय वेळ लागला.

समजा घरी पाहुणे आलेत, तांबड्या रश्श्यात मीठ डबल पडलं आणि पांढऱ्यात घालायचं राहिलं. दोन्ही भांड्यांची सरासरी काढा, मीठ एकदम बरोबर! पण पाहुणे दोन्ही वाट्या बाजूला सारणार. मिठाची सरासरी बरोबर आली म्हणून चवीची सरासरी बरोबर येत नाही, कारण चव मिठाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, एका टप्प्यापर्यंत वाढते आणि मग बिघडते.

पीक तसंच आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातच पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पूर्वेला शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि दोघांत सरळ रेषेत अंतर ऐंशी-एक किलोमीटर. हवामान खात्याचा पावसाचा जो चौकटीचा डेटा असतो त्यातली एक चौकट पाव अंशाची, म्हणजे साधारण २७ किलोमीटरची. गगनबावडा ते शिरोळ तीन चौकटी झाल्या, संपलं. एका चौकटीत घाटमाथा, तांबडी माती, नदीकाठ, माळ सगळं घोटून एक आकडा येतो आणि मॉडेल त्या आकड्यावर चालवलं की ते अशा जागेचं पीक सांगतं जी जागा अस्तित्वातच नाही.

छोटं गणित करू. खालचं रान पाणथळ, पाणी साचून मुळ्या कुजल्या, एकरी २५. वरचं रान माळाचं, पाणी कमी, एकरी २५. दोन्हीच्या पाण्याची सरासरी काढून मॉडेलला दिली तर ते म्हणणार वा, पाणी अगदी बेताचं, एकरी ४५. खरी सरासरी २५. मॉडेलच्या आत एकपण सूत्र चुकलेलं नाही, तरी वीस टनाची चूक. म्हणून आधी प्रत्येक रानाचं वेगळं मॉडेल चालवून मग उत्पादनाची सरासरी काढायची, आधी सरासरी काढून मग मॉडेल चालवायचं नाही. वाचायला सोपं वाटतंय, पण प्रत्येक रानाची माती, पाणी, लागणीची तारीख आणणार कुठनं? ते नसतंय म्हणून लोक सरासरी घालतात.

मग जिल्ह्याचा अंदाज बरोबर कसा येतो?

हा प्रश्न मामांनी पण विचारला. एका रानाचं नीट जमत नाही आणि अख्ख्या जिल्ह्याचं जमतंय म्हणता, हे कसं?

गुऱ्हाळावर बघा. मुरलेला माणूस गुळाचा एकेक रवा, म्हणजे ढेप, नुसता उचलून वजन सांगतो. एकात दोन किलो जास्त, एकात दोन किलो कमी. पण शंभर रव्यांची गाडी भरली की त्याची बेरीज खऱ्या वजनाच्या एकदम जवळ येते, कारण जास्तीच्या चुका कमीच्या चुकांना खातात. जिल्ह्यात हजारो रानं असतात, कुणाचं जास्त धरलं, कुणाचं कमी, बेरजेत भागतं. म्हणजे जिल्ह्याचा आकडा बरोबर आला म्हणून त्यातला तुमच्या रानाचा आकडा बरोबर असेल असं बिलकुल नाही.

पण त्याच माणसाचा हात त्या दिवशी दुखत असेल तर? प्रत्येक रवा त्याला जड लागणार, सगळ्या चुका एकाच बाजूला, आणि शंभर रव्यांची चूक शंभरपट. २०२२-२३ च्या हंगामात हेच झालं. महाराष्ट्रात १३८ लाख टनांच्या आसपास साखर होईल असा सुरुवातीचा अंदाज होता आणि निघाली १०५ लाख टनांच्या आसपास. पावसाळा लांबला, ऊन कमी मिळालं, वाढ खुंटली, आणि ते एका गावात नाही तर सगळीकडं एकदम. रोजमेळात जमेची बाजूच बसली आणि अंदाज मात्र आदल्या वर्षाच्या जोरावर. आदल्या वर्षी १३७ लाख टन झाली होती, बाहेर पाणी भरपूर दिसत होतं, मग कमी कशी होईल असं सगळ्यांनाच वाटलं असणार.

पुढच्या वर्षी उलटं. ऑगस्ट २०२३ देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट, त्यामुळं अंदाज धरला ८८ लाख टनांच्या आसपास आणि निघाली ११० लाख टन. नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळी पाऊस झाला, उसाला जीव आला. शिवाय डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासनं इथेनॉल करण्यावर बंधन घातलं, म्हणजे जो रस इथेनॉलला गेला असता त्याची पण साखर झाली. पिकाच्या कुठल्याही मॉडेलमध्ये दिल्लीचा आदेश नसतो. साखरेचा अंदाज चुकला म्हणून उसाचा तेवढाच चुकला असं म्हणता येत नाही, पण टीव्हीवर ते कोण सांगणार.

अजून एक, "सॅटेलाइटनं अंदाज काढला" अशी बातमी असते तेव्हा बऱ्याचदा सॅटेलाइटनं क्षेत्र मोजलेलं असतं. किती हेक्टरवर ऊस उभा आहे हे वरनं बऱ्यापैकी कळतं. एका हेक्टरात किती पडेल हा वेगळा आणि अवघड प्रश्न. दोन्हीचा गुणाकार करून आकडा येतो, आणि घसरतो तो बहुतेक वेळा दुसऱ्यात.

एआय आलं म्हणजे हे मिटलं?

काही मिटतंय, काही नाही. एआय रोजमेळ लिहीत बसत नाही, मागच्या वर्षांचे आकडे बघून नमुना शिकतं. मागचा नमुना पुढं चालू राहिला तर ते जुन्या मॉडेलपेक्षा भारी ठरू शकतं. पण जिल्ह्याच्या आकड्यांवर शिकलेला नमुना रानावर लावला की उलटं उत्तर येऊ शकतं. पाऊस वाढला की शिरोळच्या माळाला फायदा आणि गगनबावड्याला आधीच जास्त, मग जिल्ह्यावरनं शिकलेलं वाक्य कुणाला लागू?

आणि २०१९ सारखं वर्ष आलं की नमुनाच मोडतो. महापुराच्या वेळी ज्यांचं रान नदीकाठी होतं त्यांना माहीत आहे, पाणी शेंड्याच्या खाली राहिलं तर ऊस बऱ्याचदा वाचतो, शेंडा बुडाला आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांत, गाळ बसला की गेला. फरक वीतभर पाण्याचा. दहा मीटरच्या पिक्सेलला वीतभर कुठनं दिसणार, आणि २७ किलोमीटरच्या चौकटीला तर नदीच दिसत नाही.

आपल्या सातारच्या माणसानं हे आधीच सांगितलंय

लहान तुकड्यावरनं मोठ्याचा अंदाज करायची भानगड सॅटेलाइटच्या लय आधीची आहे. पीक कापणी प्रयोग आपल्याला माहीत आहे, तलाठी-कृषी सहाय्यक येतात, रानातला ठरलेला तुकडा आखतात, तेवढंच कापून वजन करतात. ही पद्धत देशात शास्त्रीय पायावर उभी करणाऱ्यांत पां. वा. सुखात्मे हे मोठं नाव, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. १९४० च्या दशकात त्यांचा आणि प्रशांतचंद्र महालनोबिसांचा वाद गाजला. महालनोबिस बंगालमध्ये अगदी लहान लहान तुकडे कापायचे, कारण तेवढ्याच खर्चात जास्त ठिकाणं होतात. सुखात्मे म्हणाले तुकडा फार लहान केला की उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. का, तर तुकडा लहान तेवढी त्याच्या आकारमानाने कड जास्त, आणि कडेवरचं ताट आत धरायचं की बाहेर असा प्रश्न आला की माणसाचा हात ते आत ओढतो. भरलेलं कणीस बाहेर टाकवत नाही कुणाला. वर सांगितलेली बांधावरच्या पिक्सेलची भानगड आठवा, गोष्ट तीच, फक्त दोरीच्या जागी कॅमेरा आला.

विम्यात याचा पैशाशी संबंध येतो

भाताच्या विम्यात भरपाई बहुतेक वेळा तुमच्या रानावर ठरत नाही, महसूल मंडळाच्या सरासरीवर ठरते. मंडळाची सरासरी चांगली आली आणि तुमचं एकट्याचं गेलं तर हातात काही नाही. उलटं पण होतं, तुमचं बरं आलं आणि मंडळ पडलं तर पैसे येतात, त्याची तक्रार अजून कुणी केलेली मी ऐकली नाही. २०२३ च्या खरिपापासून केंद्रानं भात आणि गव्हासाठी पीक कापणीच्या आकड्यात तंत्रज्ञानाच्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन द्यायचं ठरवलं. मंडळाच्या पातळीला हे मला चुकीचं वाटत नाही, मोजक्या कापणी प्रयोगांपेक्षा वरनं अख्खं मंडळ बघितलेलं बरं. फक्त तोच नकाशा झूम करून "तुमच्या गट नंबरात नुकसान नाही" असं कुणी सांगायला लागलं तर हरकत घ्यायची, कारण तो नकाशा त्यासाठी केलेला नसतो.

मग चिटबॉयच बरा की!

बरा आहेच, रान बघितलेला माणूस आहे तो. पण तो रस्त्याच्या कडेनं बघून गेला, आणि मामांच्या रानाची रस्त्याकडची बाजू पाणथळ आहे, तिथला ऊस दरवर्षी बारीक. त्यानं त्या कोपऱ्यावरनं तीस गुंठे तोलले.

ॲपचा मला विचाराल तर, टनेजच्या आकड्यापेक्षा रंगाचा नकाशा कामाचा. आपल्याच रानात कुठला कोपरा मागं पडतोय, गेल्या पंधरवड्यापेक्षा कुठं फिकं झालंय, हे ते पटकन दाखवतं, हुमणी नाहीतर पाणी, जाऊन बघायचं. आणि आकडा पाहिजेच असेल तर दोन-तीन हंगामाच्या काट्याच्या पावत्या जपून ठेवायच्या, ॲप दरवेळी किती जास्त सांगतं ते बघून तेवढं वजा करायचं. शास्त्रज्ञ याला कॅलिब्रेशन म्हणतात. मामा गेली तीस वर्षं चिटबॉयच्या आकड्याला हेच करतायत, चार-पाच वाढवून धरतात.

शेवटी ५२ चा छडा लावायला मी गावाला जाऊन त्या पोराचा मोबाईल बघितला. ॲपमध्ये रानाची हद्द बोटानं काढायची असते, आणि यानं काढताना पूर्वेच्या बांधापलीकडचा शेजाऱ्यांचा आडसालीचा पट्टा निम्मा आत घेतला होता. त्यांचा ऊस त्या हंगामात नाद खुळा होता. मामांना दाखवलं, त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "म्हंजे शेजारच्याचा ऊस माझ्या नावावर लावला म्हण की ह्यानं. काट्यावर न्हाई कधी असं कोण करत."